जुन्या ट्रकला रेघ मारताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडात जुन्या ट्रकचं काम वर्ष-दीड वर्ष चालतं. इंजिन उतरतं, स्प्रिंगचे पाटे बदलतात, कुजलेला पत्रा कापून नवा जोडतात, वायरिंग मुळापासून नवी होते. खिसा आणि घरच्यांचा धीर, दोन्ही संपत आलेले असतात. अशात एक दिवस पेंटर खडू घेऊन केबिनसमोर उभा राहतो आणि विचारतो, "रेघ कुठनं कुठवर घ्यायची, मालक?" मालक म्हणतो, "घे की तुझ्या मनानं. गाडी उठून दिसली म्हंजे झालं."

मीही हेच म्हणालो होतो. आमची गाडी साठच्या दशकातली टाटा-मर्सिडीज. केबिनला पाच रंगांच्या पट्ट्या, दरवाजावर मोर, फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या फळीवर, सूर्योदय आणि दोन हंस, बंपरवर वेलबुट्टी. शेडातून बाहेर काढली तेव्हा आण्णा बराच वेळ गाडीभोवती फिरले आणि एवढंच म्हणाले, "ट्रक हाय का लग्नाचा मांडव?" सगळं घासून काढायला आठवडा गेला, पेंटरचे पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागले. पेंटरची चूक नव्हती, त्यानं सांगितलं तसं केलं. सांगणाऱ्यालाच काही ठाऊक नव्हतं.

रंगाचं सामान सगळ्यात शेवटी लागतं, म्हणून रंगाचा विचारही आपण शेवटी करतो. तो पहिला पत्रा कापायच्या आधी करायचा असतो. गाडीचा जुना रंग, जुन्या रेघा, जुनी अक्षरं पहिल्याच घासकामात जातात आणि मग विचारायला कुणी उरत नाही. ज्यांची गाडी अजून घासलेली नाही त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी शेडात फोन करून काम दोन दिवस थांबवावं.

आधी कागद

आरसी बुकात रंगाचा रकाना असतो. गाडीचा मूळ रंग बदलणार असाल तर आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते. नुसत्या रेघा मारायला कुणी अडवत नाही.

एक रंग मात्र डोक्यातून काढून टाका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाही लावता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकलेल्या डिस्पोजलच्या गाड्या आजही कुठंकुठं सापडतात. अशी गाडी मिळाली की मूळ रंग लावायचा मोह होतोच. त्या गाडीला गडद बाटली हिरवा किंवा राखाडी द्या, नाहीतर पहिल्याच नाक्यावर बाजूला घ्यायला लावतील.

२०२१ साली विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी नियमांत आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी आणि चारचाकी वाहनं तिच्यात येतात. गाडी मूळ रूपात असावी लागते आणि तिनं धंदा करायचा नाही. मालवाहू म्हणून नोंद असलेला तुमचा ट्रक तिच्यात बसवता येईल का, हे रंग ठरवण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. बसणार असेल तर 'मूळ रूप' हा शब्द तुमच्या रंगाच्या डब्यालाही लागू आहे असं समजून चाला.

गाडी धंद्याच्या पासिंगवरच राहणार असेल तर रिफ्लेक्टर टेप चुकत नाही. पुढं पांढरी, बाजूंना पिवळी, मागं लाल. आपण ज्याला सरसकट 'रेडियम' म्हणतो ती. बरेच जण सगळ्या रेघा मारून घेतात आणि पासिंगच्या आदल्या दिवशी तीच टेप रेघांवर चिकटवतात. टेपची जागा पहिल्याच दिवशी खडूनं आखून ठेवा, शक्यतो फाळक्याच्या अगदी खालच्या काठाला, आणि रेघांची मांडणी तिच्या वर करा.

गाडीला तिचा रंग विचारा

सीटखाली, डॅशबोर्डच्या मागं, बॅटरीच्या पेटीआड, दरवाजाच्या बिजागरीच्या आत, बॅजच्या पाठीमागं. एवढ्या जागी नंतरच्या पेंटरचा ब्रश सहसा पोचलेला नसतो. तिथला रंग बघा, फोटो काढा, आणि फोटोवर विसंबू नका. मोबाईलमध्ये प्रत्येक रंग थोडा खोटा दिसतो. पत्र्याचा सुटा तुकडा निघत असेल तर तो घेऊनच रंगाच्या दुकानात जा.

बाहेरच्या पत्र्यावर रुपयाएवढ्या जागेत ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून हळूहळू गोल फिरवा. मधे पत्रा उघडा पडेल आणि त्याच्याभोवती रंगांची कडी दिसतील, कांदा आडवा कापल्यासारखी. सगळ्यात आतलं कडं रेड ऑक्साईडचं, त्यानंतरचा पहिला रंग. आमच्या गाडीवर सहा कडी निघाली. सगळ्यात बाहेरचा भगवा आम्ही 'मूळ' धरून चाललो होतो. मूळ निघाला काकवीसारखा काळपट तांबडा.

पाणी लावायचं ते धूळ उडू नये म्हणून. जुन्या पिवळ्या, नारिंगी रंगांत आणि प्रायमरमध्येही शिसं असायचं. कोरडं घासून ती भुकटी नाकात घेऊ नका, मास्क लावा, आणि पोरांना शेडात आणू नका.

जुन्या रेघा शोधायची युक्ती वेगळी. रात्री शेडातले दिवे बंद करा आणि पत्र्याला जवळजवळ टेकवून, तिरका टॉर्च मारा. वर कितीही रंगाचे हात दिलेले असोत, खालच्या रेघेची कड किंचित उचललेली असते आणि तिची सावली पडते. अक्षरंसुद्धा अशीच उठतात. आमच्या दरवाजावर कुठल्यातरी जुन्या मालकाचं अर्धं गाव आणि '… आणि सन्स' एवढं वाचता आलं. बटर पेपर टेपनं चिकटवून पेन्सिलनं हे सगळं उतरवून घ्या, मोजमापासकट. पुढं पेंटरला दाखवायला याच्याइतकी चांगली वस्तू नाही.

आता मूळ म्हणजे नक्की काय, याचा थोडा विचार करा. आपल्याकडं बहुतेक ट्रक कारखान्यातून पूर्ण होऊन येतच नसत. चासी, बोनेट आणि पुढचा काउल एवढंच यायचं. केबिन आणि हौदा गावातला बॉडीवाला लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधायचा. म्हणजे बोनेटचा रंग कंपनीचा आणि मागचा सगळा अवतार बॉडीवाल्याचा. दोन्ही मूळच. परदेशी मासिकातला फोटो दाखवून "अगदी असंच" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्या फोटोतली केबिन कारखान्यात दाबलेली असते, आपली हातानं ठोकलेली. डावी-उजवी बाजू अर्धा इंच कमी-जास्त असणारच. रेघ आखताना त्याकडं परत येऊ.

साल आणि रूप जुळतंय का तेही बघून घ्या. टाटांचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ चा, १५ वर्षांचा. तो १९६९ साली संपला आणि जाळीवरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा गेला. १९७२ च्या गाडीला हौसेनं तारा लावणारे भेटतात. जाणकार माणूस मग रेघांकडं बघतच नाही, ताऱ्याकडं बघून हसतो. तसंच हौद्याचं. तपकिरी हौदा आणि त्याला पांढरा काठ ही चाल नॅशनल परमिटची, आणि ती योजना १९७५ ची. पन्नास-साठच्या दशकांतल्या बेडफर्डला, फार्गोला किंवा डॉजला तो तपकिरी हौदा शोभत नाही.

दोन रंग, एक रेघ

नवख्यानं याच्या पलीकडं जाऊ नये. खाली एक रंग, वर दुसरा, आणि रेघेला तिसरा. चौथा रंग लागला तर तो अक्षरांच्या सावलीपुरता. चाकं, चासी आणि बंपर यांत नवीन रंग आणायचा नाही, त्याच तिघांतला एक वापरायचा. चासी तर काळीच बरी.

रेघेचा रंग अंगाच्या रंगाहून उजळ आहे की गडद, हे आधी ठरवा, नाव नंतर. गडद तांबडा, बाटली हिरवा, निळा यांवर सायीसारखी क्रीम रेघ सुंदर दिसते. शुद्ध पांढरी नको, ती उन्हात चुन्यासारखी डोळ्यात खुपते. पांढऱ्यात पिवळ्याचे चार थेंब घाला. हिरव्यावर आणि काळ्यावर हळदी पिवळी चालते. क्रीम केबिनवर तांबडी किंवा गडद हिरवी. तांबड्यावर हिरवी रेघ लांबून थरथरल्यासारखी दिसते. ज्याला हौसच असेल त्यानं मधे बारीक क्रीम घ्यावी.

सोनेरीचा मोह सगळ्यांना होतो. सोनेरी म्हणून मिळते ती बहुधा पितळी भुकटी. वर्ष-दोन वर्षांत ती काळी-हिरवी पडते. खरा सोन्याचा वर्ख लावणारा हात मिळाला आणि खर्च झेपला तर गोष्ट निराळी. नाहीतर पिवळ्यात जरा तपकिरी आणि थोडा पांढरा मिसळून पिकल्या जोंधळ्याचा रंग काढा. दहा फुटांवरून तो सोनंच दिसतो आणि टिकतो. गुलाबी आणि गुलालीकडं जाणारे रंग उन्हानं उडतात. गेरू, रेड ऑक्साईड, पिवळी माती यांच्या कुळातले रंग म्हातारे होत नाहीत.

रंग दुकानातल्या कार्डावर ठरवू नका. भंगारातला फूटभर पत्रा घ्या, त्यावर खालचा-वरचा रंग आणि रेघ मारा, आणि आठ दिवस बाहेर टांगा. सकाळी बघा, भर दुपारी बघा, रात्री रस्त्याच्या दिव्याखाली बघा. गाडी काय फक्त सकाळी निघणार नाही.

सुताचं गणित

आपल्या मिस्त्री लोकांचं माप सुतात चालतं. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३ मिलिमीटर. पेंटरशी बोलताना मिलिमीटर सांगितले तर तो मान हलवेल आणि स्वतःच्या मनानं करेल. सूत सांगा.

मोटारीवर अर्ध्या-पाऊण सुताची रेघ पुरते, कारण मोटार माणूस जवळून बघतो. ट्रक बघतात वीस फुटांवरून, तेही जाता-जाता. तिथं अर्ध्या सुताची एकटी रेघ केस चिकटल्यासारखी दिसते. ट्रकच्या केबिनला दीड ते दोन सूत धरा. तीन सुतांच्या वर गेलात की ती रेघ राहत नाही, पट्टा होतो. पट्टाही वाईट नाही, पण तो वेगळा प्रकार. दोन्ही एकाच दरवाजावर नकोत.

मला स्वतःला जोडरेघ आवडते. दोन सुतांची जाड, मग दोन सूत मोकळी जागा, मग अर्ध्या सुताची बारीक. जाड रेघ काठाकडं, बारीक आतल्या अंगाला. उलटं केलं तर चौकट बाहेर सांडल्यासारखी वाटते. ही चाल घोड्यांच्या बग्ग्या रंगवणाऱ्यांची. पहिल्या मोटारींच्या बॉड्याही त्याच कारागिरांनी बांधल्या, तेव्हा रेघा त्यांच्याबरोबर मोटारीवर चढल्या. टांग्याच्या चाकाच्या आऱ्यांवरची रेघ ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. अमेरिकेत १९५० च्या दशकात व्हॉन डच या टोपणनावाच्या कारागिरानं या सरळ रेघांना फाटे फोडून वेटोळी नक्षी काढायला सुरुवात केली, आणि आज मोबाईलवर 'पिनस्ट्राइपिंग' शोधलं की तीच समोर येते. ती त्यांच्या बुटक्या, चकचकीत मोटारींना शोभते. ऊस वाहिलेल्या गाडीच्या बोनेटवर ती उसनी वाटते.

काठापासून एक ते सव्वा इंच आत रेघ घ्या. काठाला अगदी चिकटून मारली तर काठाचा प्रत्येक पोचा तिच्यात दिसतो.

कुठं जायचं, कुठं थांबायचं

पत्र्याला जिथं घडी आहे, उठाव आहे, तिथं रेघ जाऊ शकते. सपाट पत्र्याच्या मधोमध, कशाचाच आधार नसताना मारलेली रेघ कायम वाकडीच वाटते, मग ती ओळंब्यात असली तरी. बोनेटच्या बाजूच्या खिडक्यांची चौकट, केबिनच्या काचेखालचा कंबरपट्टा, मडगार्डची कड, जाळीभोवतीची चौकट आणि फाळक्याच्या पट्ट्यांमधले कप्पे, एवढ्या जागा पुरे झाल्या. यातल्याही सगळ्या वापरायलाच हव्यात असं नाही. कंबरपट्टा आणि मडगार्ड एवढ्यावर गाडी देखणी होते.

लेव्हल-बाटली वापरू नका. गाडी पाट्यांवर उभी असते, शेडाची जमीन उताराची असते, आणि हातानं ठोकलेली केबिन स्वतःच कुठंतरी झुकलेली असते. बाटलीनं सरळ काढलेली रेघ गाडीवर तिरपी दिसते. माप घडीपासून घ्या, दर फुटाला एक खूण करा, आणि मग मागं जाऊन डोळ्यानं बघा. डावी-उजवी जुळत नसेल तर फरक जिथं कमी दिसेल तिथं, म्हणजे मागच्या खांबाजवळ, जिरवा. समोरून दोन्ही बाजू एकदम दिसतात, तिथं मात्र सुताचाही फरक नको.

दरवाजे आधी कायमचे बसवा. रबर बीडिंग, कुलूप, काच, सगळं लागल्यावर दरवाजा सूतभर तरी खाली बसतो. बीडिंगच्या आधी रेघ मारली की दरवाजावरची आणि केबिनवरची रेघ एकमेकींना भेटत नाही. ही चूक इतक्या गाड्यांवर दिसते की आता मी कुठल्याही गाडीवर पहिलं तेच बघतो.

कोपरे आणि शेवट यांत हात कळतो. चौकटीचे सगळे कोपरे एकाच गोलाईचे हवेत. स्वयंपाकघरातली वाटी किंवा डबीचं झाकण घ्या आणि तेच सगळीकडं वापरा. सुटी रेघ संपवायची असेल तर ती निमुळती होत टोकाला जावी, किंवा टोकाला एक ठिपका. मधेच कापल्यासारखी थांबवू नका. हँडलमधून, बिजागरीवरून, स्क्रूच्या डोक्यावरून रेघ न्यायची नाही. वाटेत आलंच तर वर-खाली सरकवा.

हे सगळं ठरलं की रंगाला हात लावायच्या आधी एक-दोन सुतांची टेप आणून पूर्ण आखणी टेपनं करा आणि गाडी तशीच आठ दिवस ठेवा. येणारा-जाणारा बोलतो, ते ऐका. आमच्याकडं टेप लावल्यावर मी अकरा रेघा मोजल्या होत्या, आठव्या दिवशी पाच उरल्या.

कोणत्या रंगावर कोणता रंग

इथं चूक झाली तर पैसेही जातात आणि खालचं कामही. ब्रशनं मारायच्या रेघेला सिंथेटिक इनॅमल हाच बरा रंग. तो सावकाश वाळतो म्हणून ब्रश ओढायला वेळ मिळतो, आणि ब्रशच्या खुणा स्वतःच बसून जातात. अंगाला टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, असेल आणि ते पूर्ण पिकलेलं असेल, तर त्यावर इनॅमलची रेघ छान बसते. मात्र रेघेपुरती जागा बारीक पेपरनं हलकीच घासून घ्या. डुकोवरही, म्हणजे थिनरमधल्या झटपट वाळणाऱ्या रंगावरही, इनॅमल चालतो. उलटं करायचं नाही. इनॅमलवर डुको गेला की त्याचा थिनर खालच्या थराला उचलतो आणि चार मिनिटांत दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. हेच ताज्या इनॅमलवर घाईनं क्लिअर कोट मारल्यावर होतं. इनॅमल हाताला रात्रीत कोरडा लागतो, पण आतून कडक व्हायला काही आठवडे घेतो.

रेघ मारायच्या आधी पत्रा पुसायचा तो नुसत्या फडक्यानं नाही. सिलिकॉनची पॉलिश लागलेल्या पत्र्यावर रंग माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो. शेडात कुणी डॅशबोर्डला चमकवायचा स्प्रे मारत असेल तर त्याला त्या दिवशी बाहेर पाठवा.

मुहूर्त बघायचा तो हवामानाचा. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या ओल्या हवेत डुकोवर पांढरी झाक येते आणि इनॅमल चिकट राहतो. कोरडी हवा दिवाळीनंतर मिळते, पण तेव्हाच साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. वाऱ्याची दिशा तशी असली की चिमणीची काळी राखाडी अलगद येऊन ओल्या रेघेवर बसते, आणि उसाचा पाला पेटवला की काजळीच्या लांब काड्या. शेडाला जुनी साडी किंवा ताडपत्री लावून घ्या, जमिनीवर पाणी शिंपडा, आणि काम सकाळी उरका.

स्वतः मारायची असेल तर

हौस आहे ना? मग आधी काचेवर महिनाभर मारा. खिडकीची जुनी काच उभी करा, रेघ ओढा, टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसा, पुन्हा ओढा. काच फुकट आणि पुसलेली चूक कुणाला दिसत नाही.

ब्रश लागतो लांब केसांचा. तलवारीसारख्या आकाराचा, लांब केसांचा आणि आखूड दांड्याचा ब्रश यासाठीच असतो. तो जास्त रंग धरतो आणि न थांबता दोन-तीन फूट जातो. ऑनलाइन मिळतो. मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी देऊ केला तर घेऊ नका. त्याच्या विक्रीला वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. काम झालं की ब्रश टर्पेंटाइननं धुवायचा आणि साध्या तेलात बुडवून, केस सरळ करून आडवा ठेवायचा. वाळू दिला तर संपला.

रंग डब्यातून थेट घेऊ नका. पोस्टकार्डावर थोडा ओता, त्यावर ब्रश दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा ओढा, म्हणजे केस एकत्र येतात आणि रंग पोटात जातो. पातळ करायचं ते थेंबाथेंबानं. ब्रश अडखळला तर रंग घट्ट आहे, रेघेच्या कडा पसरल्या तर पातळ झाला. करंगळी पत्र्यावर किंवा टेपवर टेकवा, बोटं हलवू नका, अख्खा हात खांद्यापासून ओढा. नजर ब्रशच्या टोकावर नको, सहा इंच पुढं हवी. सायकल चालवताना पुढच्या चाकाकडं बघितलं की माणूस पडतो, तसंच हे. चुकलं तर लगेच पुसा. खाली पिकलेला पीयू असेल तर काही बिघडत नाही.

टेपच्या आधारानं मारत असाल तर रंग पुरता वाळायच्या आधी टेप काढा, मागच्या मागं दुमडून, सावकाश. वाळल्यावर ओढली तर कड दातेरी होते.

चाकाच्या रिंगवर गोल रेघ काढणं सगळ्यात अवघड दिसतं आणि सगळ्यात सोपं निघतं. एक्सल जॅकवर घ्या, खाली ठोकळे लावा, हात स्टुलावर टेकवून ब्रश स्थिर धरा आणि दुसऱ्याला चाक हळू फिरवायला सांगा. रेघ चाक काढतं, तुम्ही फक्त हलायचं नाही. मागच्या चाकांना एवढं तरी करा. रिंग काळी आणि त्यावर एकच दीड सुताची क्रीम रेघ, बस्स.

अक्षरं

रेघांचं जमलं आणि अक्षरांनी घात केला असं फार वेळा होतं, कारण देवनागरी अक्षराला स्वतःचीच एक रेघ असते. शिरोरेषेच्या जवळून, तिला समांतर रेघ गेली की दोन्ही एकमेकींना मारतात. नावाची चौकट आखताना अक्षराच्या उंचीइतकीच जागा धरू नका. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. अक्षराची उंची चार इंच असेल तर चौकट आठ इंचांची हवी. 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' किंवा 'आई अंबाबाई प्रसन्न' लिहायचं तर वर-खाली किती लागतं हे आधी कागदावर लिहून बघा. चौकटीत मावत नाही म्हणून मात्रा दाबून बसवलेलं देवाचं नाव वाचवत नाही.

शिरोरेषा रेघेइतकीच जाड नको, तिच्या दुप्पट तरी हवी. अक्षरांना सावली द्यायची तर सगळ्या गाडीवर एकाच दिशेला द्या, खाली-डावीकडं म्हणा. दरवाजावर डावीकडं आणि फाळक्यावर उजवीकडं सावली पडली तर गाडीला दोन सूर्य आहेत असं दिसतं. जुन्या गाडीवर डाव्या बाजूला मोकळं आणि भरलेलं वजन लिहिलेलं असायचं. ती साधी, पांढरी, काटकोनी अक्षरं जरूर परत आणा. सगळ्या नक्षीपेक्षा तेवढ्यानं गाडी तिच्या काळातली वाटते.

फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' हवंच असं पोरांचं म्हणणं असतं. महाराष्ट्रात व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला २०१५ साली परिवहन खात्यानं मनाई केली, तेव्हा धंद्याच्या गाडीवर नको. हॉर्नची आठवण न करता मागं काय लिहायचं हे सुचत नसेल तर गावाचं नाव लिहा.

हे गाव बाबूराव पेंटरांचं. नाटकाचे पडदे रंगवता-रंगवता ते सिनेमाकडं गेले आणि आडनाव मेस्त्री असूनही लोकांनी त्यांना पेंटरच म्हटलं. फ्लेक्स आल्यापासून हातानं अक्षर लिहिणारे कमी झाले, पण संपलेले नाहीत. त्यांच्याकडं जाल तेव्हा मोबाईलमधले नमुने मागाहून दाखवा. आधी त्यांनी केलेली, दोन-तीन पावसाळे खाल्लेली गाडी बघायला मागा. रेघेचा जोड कुठं आहे ते शोधा, सापडला नाही तर माणूस बरोबर आहे. दर 'रनिंग फूट' ठरवा की पूर्ण कामाचा, ते आधीच बोला. माझा अनुभव असा की फुटावर ठरवलं की रेघा वाढत जातात. आणि काम करताना मागं उभं राहून "जरा वर घ्या, मामा" म्हणत बसू नका. चहा सांगा आणि बाहेर जा.

बाहेर काढल्यावर

पहिला महिना गाडीला प्रेशरचं पाणी नको, पॉलिश नको, ताडपत्रीही अंगाला घट्ट बांधू नका. साधं पाणी आणि मऊ फडकं. राखाडी बसली तर फडक्यानं पुसू नका, ती पेपरासारखी घासते. पाण्यानं वाहू द्या.

गणपतीच्या मिरवणुकीला गाडी मागणारे येतील. क्रीम केबिन असेल तर एक मेणाचा हात देऊनच पाठवा, गुलाल नुसत्या रंगात बसला की क्रीम गुलाबी होऊन परत येते. खंडेनवमीला हळद-कुंकवाची बोटं ताज्या रेघेवर उठतात आणि राहतात, म्हणून बोनेटवर विड्याचं पान चिकटवून पूजा पानाची करा, हार जाळीला बांधा. नारळ टायरपुढं जमिनीवर फोडा. बंपरवर फोडायला निघालेल्या काकांना आधीच गाठून ठेवा.